संत्र्याच्या सालीचे घरगुती तेल : कृती, उपयोग आणि मर्यादा

हिवाळा सुरू झाला की आपल्या घराघरांतून संत्र्यांच्या टोपल्या येऊ लागतात. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या आगेमागे बाजारात उतरतात, आणि ती संपतात न संपतात तोच फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मृग बहाराची फळे येतात. नागपूरच्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. इंदूरकडील मंडळींना माळव्यात आगरच्या बाजूस पिकणारे संत्रे परिचयाचे आहे. हैदराबादकरांना नलगोंड्याच्या मोसंबीची ओळख करून देण्याची गरज नाही. ग्वाल्हेरकडे किन्नूही पुष्कळ येतो. फळ आपण आवडीने खातो आणि साल कचऱ्यात टाकतो. वास्तविक वजनाने पाहिल्यास खरेदी केलेल्या संत्र्याचा सुमारे चौथा हिस्सा ही साल असते. म्हणजे चार रुपयांचा माल घेऊन त्यातील एक रुपया आपण रोज उकिरड्यावर टाकत असतो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या सालीपासून घरच्या घरी तेल तयार करून ते साफसफाईस व अंगास लावण्यास वापरावे, असा सल्ला अलीकडे सर्वत्र दिला जातो. सल्ला चांगला आहे. परंतु तो देताना तीन-चार निरनिराळ्या गोष्टींची इतकी सरमिसळ केली जाते की, करणाऱ्याचे तेल तरी वाया जाते, फरशी तरी खराब होते, किंवा क्वचित कातडीला इजा तरी होते. यास्तव सालीत नेमके काय असते, ते तेलात कसे उतरते, आणि त्याचा उपयोग कोठे करावा व कोठे करू नये, हे क्रमाने सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सालीतील द्रव्य

संत्र्याची साल उजेडात धरून पाहिली तर तिच्या रंगीत पापुद्र्यावर बारीक बारीक ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे तेलाच्या कुप्या होत. त्याखालील पांढरा, मऊ थर कडवट असतो. त्यात सुगंध जवळजवळ नसतो, ओलावा मात्र पुष्कळ असतो. ताजी साल पेटत्या मेणबत्तीपाशी नेऊन दोन बोटांनी दुमडली की ज्योतीत चटचट ठिणग्या उडतात. मुलांना हा खेळ वाटतो, पण त्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. सालीत खरोखरीच तेल आहे, ही पहिली. आणि ते चटकन पेट घेणारे आहे, ही दुसरी.

हे तेल तिळाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलासारखे नव्हे. तिळाचे तेल कागदावर पडले तर डाग कायम राहतो. सालीतील तेलाचा डाग काही वेळाने बव्हंशी उडून जातो. म्हणून त्यास बाष्पनशील तेल म्हणतात. त्याचा मुख्य घटक लिमोनीन हे द्रव्य होय. गोड नारिंगाच्या तेलात ते शेकडा ९० हून अधिक असते, आणि आपल्या सैल सालीच्या संत्र्यातही निम्म्याहून पुष्कळ अधिक असते. चिकटा, डिंक, मेण, वंगण ही द्रव्ये विरघळविण्याची शक्ती लिमोनीनच्या अंगी आहे. थर्माकोलसुद्धा त्यात विरघळतो. सालीला सफाईच्या कामात जी कीर्ती मिळाली आहे, ती या द्रव्यामुळे.

येथे व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी एक गोष्ट अशी की, बाजारात लहान कुपीत मिळणारे शुद्ध संत्रा-तेल हे फळांच्या रसाच्या धंद्याचे उपफळ आहे. रस काढताना सालीवर दाब देऊन तेल वेगळे केले जाते. संत्र्याच्या रसाच्या धंद्यात ब्राझील देश अग्रेसर असल्यामुळे या तेलाचाही मोठा पुरवठा तेथूनच होतो. यंत्रे येण्यापूर्वी इटलीच्या सिसिली व कॅलाब्रिया या प्रांतांत कारागीर साली स्पंजावर हाताने दाबून तेल शोषून घेत आणि मग तो स्पंज पिळून भांड्यात तेल काढीत. यात निराळे तेल घालण्याचा प्रश्नच नव्हता. जे निघे ते केवळ सालीचे.

मुरवलेले तेल म्हणजे काय

आपण घरी जे करतो ते याहून भिन्न आहे. आपण वाळलेली साल तिळाच्या, खोबऱ्याच्या किंवा बदामाच्या तेलात मुरत ठेवतो. सालीतील सुगंधी द्रव्य त्या आधार-तेलात उतरते. जे हाती येते ते संत्र्याचे तेल नव्हे. ते संत्र्याची साल मुरवलेले तिळेल किंवा खोबरेल होय. हा केवळ शब्दांचा वाद नाही, हे थोडा हिशेब केला म्हणजे पटेल. समजा ५० ग्रॅम वाळलेली साल २५० मिलिलिटर तेलात मुरवली, आणि त्या सालीत शेकडा २ सुगंधी तेल शिल्लक होते असे धरले. ते सर्वच्या सर्व उतरले तरी ते १ ग्रॅम भरते. म्हणजे तयार तेलात त्याचे प्रमाण शेकडा अर्ध्याहूनही कमी. शुद्ध तेलाच्या मानाने हे दोनशे पटींहून अधिक सौम्य झाले.

या हिशेबातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मुरवलेले तेल सौम्य असल्यामुळेच ते कातडीला लावण्याजोगे असते. शुद्ध तेल थेट अंगास कधीही लावू नये. दुसरा असा की, मुरवलेल्या तेलाकडून शुद्ध लिमोनीनच्या करामतीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ते चिकट चिठ्ठी सोडविते हे खरे, परंतु त्यातील बहुतेक काम आधार-तेल करीत असते. संत्र्याचा वाटा मुख्यतः सुवासाचा. हे एकदा समजले की पुढील सर्व उपयोग आपोआप उलगडतात.

कृती

साहित्य : वाळलेल्या संत्रासालीचे जाडसर तुकडे ५० ग्रॅम आणि तिळाचे तेल २५० मिलिलिटर. मध्यम आकाराच्या एक डझन संत्र्यांची साल पांढरा भाग खरवडून वाळविली असता सुमारे ८० ते १०० ग्रॅम भरते. फळाच्या आकारानुसार हे कमी-अधिक होईल.

फळे सोलण्यापूर्वी ती कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून चोळून धुवावीत व पुसून कोरडी करावीत. पुष्कळ फळांवर, विशेषतः दुरून येणाऱ्या चकचकीत फळांवर, मेणाचा लेप दिलेला असतो व बुरशीनाशक औषधाचा अंशही असू शकतो. शक्यतो लेप नसलेले जवळच्या बागेतील फळ घ्यावे. साल काढल्यावर आतील पांढरा थर चमच्याच्या कडेने खरवडून टाकावा आणि उरलेल्या सालीचे बारीक तुकडे सुती कापडावर एका थरात पसरून सावलीत, वाऱ्याच्या जागी वाळवावेत. कडक उन्हात ठेवल्यास सुगंध उडून जातो. हवा कोरडी असेल तर चार-पाच दिवस पुरतात. गोव्यासारख्या दमट हवेत आठवडा किंवा अधिकही लागतो. तुकडा वाकविला असता कट्कन मोडला पाहिजे. तो लवत असेल तर अद्याप ओलावा आहे असे समजावे.

वाळविण्याविषयी आग्रह धरण्याचे कारण आहे. ओली साल तेलात घातली तर तिच्यातील पाणी तेलात मिसळत नाही. ते तळाशी राहते व तेथे बुरशी आणि जंतू वाढतात. तेलाखाली हवा पोहोचत नसल्याने हवेशिवाय जगणाऱ्या घातक जंतूंनाही तेथे आसरा मिळतो. अशा तेलाचा वास कित्येकदा चांगलाच येत असतो, म्हणून केवळ वासावरून परीक्षा करू नये. हे तेल खाण्यासाठी नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

थंड पद्धतीत साल जाडसर कुटून कोरड्या काचेच्या बरणीत भरावी, ती पूर्ण बुडेल इतके तेल ओतावे, झाकण घट्ट लावून बरणी अंधाऱ्या कपाटात तीन ते चार आठवडे ठेवावी आणि दोन-तीन दिवसांआड हलवावी. गरम पद्धतीत हेच मिश्रण लहान पातेल्यात घालून ते पातेले गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवावे. खालील पाणी उकळू देऊ नये, केवळ वाफाळत ठेवावे. दोन तासांत तेल तयार होते. पातेले थेट विस्तवावर कधीही ठेवू नये. तसे केल्याने सुगंध तर जातोच, शिवाय तेल पेटण्याचाही धोका असतो. पाण्याचा एक थेंबही तेलात उडणार नाही अशी काळजी घ्यावी.

तयार तेल स्वच्छ मलमलीतून गाळून गडद रंगाच्या लहान काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावे. वर पोकळी जितकी कमी तितके तेल अधिक टिकते. बाटलीवर तयार केल्याची तारीख लिहावी आणि तीन महिन्यांच्या आत तेल संपवावे. या मुदतीला कारण आहे. लिमोनीनचा हवेशी संयोग झाला की त्यापासून नवी द्रव्ये बनतात, आणि त्वचेला खाज व पुरळ आणणारी मुख्यतः तीच असतात. ताजे तेल ज्याला सोसते, त्यालाच जुने तेल बाधू शकते. खवट वास येऊ लागलेले तेल अंगाला तर नाहीच, पण लाकडालाही लावू नये.

आधार-तेलाची निवड

तिळाच्या तेलात ते लवकर खवट होऊ न देणारी नैसर्गिक द्रव्ये असतात, म्हणून या कामी ते उत्तम. खोबरेल सुमारे २४ अंशांच्या खाली थिजते. गोव्यात त्याची अडचण क्वचितच भासते, परंतु इंदूर-ग्वाल्हेरच्या थंडीत बाटली दगडासारखी होते व साल मुरत नाही. बदामाचे तेल कातडीस सुखद, पण महाग. मोहरीचे तेल स्वतःच तिखट असल्याने त्यात साल मुरवून लहान मुलांच्या अंगाला चोळणे योग्य नव्हे. जवसाचे तेल केवळ लाकडासाठी वापरतात. त्याने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हवेशी संयोग होऊन ती आपोआप तापतात व पेटू शकतात. अशी फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून मग टाकावीत. दुकानाच्या गोदामात तर हा नियम कटाक्षाने पाळावा.

अंगास लावण्याविषयी

हिवाळ्यात भेगा पडणाऱ्या टाचा, खरखरीत कोपरे, साबणाने कोरडे पडलेले हात यांवर रात्री निजण्यापूर्वी हे तेल थोडेसे चोळावे. प्रथमच वापरताना कोपराच्या आतील बाजूस एक थेंब लावून दोन दिवस वाट पाहावी. लाली वा खाज आली नाही तरच पुढे वापर करावा. जखमेवर, पुटकुळ्यांवर, डोळ्यांजवळ, तसेच तान्ह्या मुलांच्या अंगावर ते लावू नये. घरात मांजर असेल तर तिच्या अंगाला लागू देऊ नये. तिला लिमोनीन बाधते.

सर्वांत महत्त्वाची सूचना लिंबाविषयी आहे. संत्र्याऐवजी लिंबाची साल वापरली तर काय बिघडले, असे पुष्कळांना वाटते. सफाईसाठी काही बिघडत नाही. कातडीसाठी मात्र पुष्कळ बिघडते. कागदी लिंबू, मोठे लिंबू, पपनस, कडू नारिंग यांच्या सालींत फ्युरोकुमारीन वर्गातील द्रव्ये असू शकतात. बर्गॅप्टेन हे त्यांपैकी प्रसिद्ध नाव. ही द्रव्ये कातडीवर असताना ऊन लागले तर उन्हातील जंबुपार किरणांशी त्यांची क्रिया होऊन कातडी अक्षरशः भाजते. परिणाम तत्काळ दिसत नाही. एक-दोन दिवसांनी लाली व फोड येतात आणि नंतर काळे डाग पडतात, ते कित्येकदा महिनोन्‌महिने जात नाहीत. उन्हात बसून लिंबे पिळणाऱ्यांच्या हातांवरही असे डाग पडलेले आढळतात. ही द्रव्ये उडून जाणारी नसल्यामुळे साल वाळविल्याने कमी होत नाहीत, आणि तेलात सहज उतरतात. गोरेपणाच्या आशेने लिंबाच्या सालीचे तेल चेहऱ्यास लावून उन्हात हिंडणारी मुलगी आपल्या इच्छेच्या नेमके उलट फळ पदरात घेते. यास्तव अंगासाठी केवळ गोड, सैल सालीचे संत्रे घ्यावे, आणि तेही रात्रीच लावावे.

साफसफाईचे खरे साधन

बरणीवर चिकटलेली किमतीची चिठ्ठी, हाताला लागलेला फणसाचा चीक, बोटांवरील वंगण यांवर मुरवलेले तेल चोळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे व मग साबणाने धुवावे. जुन्या सागवानी कपाटाला दोन भाग तेल व एक भाग पांढरे व्हिनेगर एकत्र घुसळून फडक्याने अगदी पातळ पुसावे, आणि लगेच कोरड्या फडक्याने घासून काढावे. तेल अधिक राहिले तर ते चिकट होऊन त्यावर धूळ बसते. फरशीवर हे तेल मुळीच घालू नये; पाय घसरण्याचे ते कारण होईल. दुकानातील शिक्का मारलेल्या वजनांनाही लावू नये. तेलावर धूळ बसून वजन फिरते आणि त्यात दुकानदाराची अब्रू जाते.

नळावरील पांढरे खवले, मोरीतील पुटे, पितळेचा काळेपणा यांवर तेलाचा काही उपयोग नाही. तेथे आम्ल हवे. त्यासाठी दोन वाट्या ताजी साल अर्धा लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दोन आठवडे ठेवून गाळावी आणि तितकेच पाणी मिसळून वापरावी. ज्या घरांत सिरका आणला जात नाही, तेथे लिंबूसत्त्वाचा, ज्याला किराणा दुकानात लिंबूफूल म्हणतात त्याचा, एक चमचा पेलाभर पाण्यात विरघळवून तेच काम साधते. हे पाणी मात्र त्या दिवशीच संपवावे. पितळेची भांडी अशी घासून धुऊन पूर्ण कोरडी केल्यावर तेलाचा पुसट हात फिरवावा, म्हणजे शोभेची भांडी पुन्हा लवकर काळी पडत नाहीत. येथे आम्लाचे काम निराळे आणि तेलाचे निराळे, हे स्पष्ट दिसते.

आम्लाच्या बाबतीत दोन इशारे दिले पाहिजेत. संगमरवर, शहाबादी फरशी, कोटा आणि कडप्पा हे सर्व चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. त्यांवर व्हिनेगर, लिंबू वा लिंबूसत्त्व पडले की दगड झिजतो, झिलई जाते व पांढुरके डाग पडतात, जे पुन्हा पॉलिश केल्यावाचून निघत नाहीत. आपल्याकडील जुन्या वाड्यांत, देवघरांत आणि ओट्यांवर हेच दगड असल्याने ही काळजी विशेष घ्यावी. तेथे सौम्य साबणाचे पाणी पुरेसे आहे. दुसरे असे की, ब्लीचिंग पावडर अथवा तत्सम द्रवात कोणतेही आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो.

विक्रीचा विचार करणाऱ्यांसाठी

आपल्या परिवारांतील कित्येक भगिनी गृहोद्योग म्हणून असे तेल करण्याच्या विचारात असतील. घरी वापरणे किंवा आप्तांस भेट देणे निराळे, आणि अंगास लावण्याचे तेल म्हणून विकणे निराळे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांनुसार विक्रीसाठी प्रसाधने बनविण्यास परवाना लागतो, आणि वेष्टनावर घटक, उत्पादकाचे नाव-पत्ता, मुदत इत्यादी मजकूर द्यावा लागतो. परवान्याची चौकशी आधी, माल नंतर, असा क्रम ठेवावा.

कायद्याइतकेच महत्त्व नावाच्या खरेपणाला आहे. मुरवलेल्या तेलाच्या बाटलीवर ‘शुद्ध संत्रा-तेल’ असे लिहिणे म्हणजे दोनशे पट पातळ माल अस्सल म्हणून देणे होय. गिऱ्हाईक ते शुद्ध समजून विकत घेईल व त्याला गुण येणार नाही. किंवा उलटपक्षी, नावाच्या साम्यामुळे पुढे कधी शुद्ध तेलाची कुपी आणून ती तशीच अंगास चोळील व पोळून घेईल. ‘संत्र्याची साल मुरवलेले तिळाचे तेल’ हे नाव लांब आहे, पण खरे आहे. त्याखाली तारीख, तीन महिन्यांची मुदत आणि ‘केवळ बाह्योपयोगासाठी’ एवढे शब्द असले म्हणजे घेणारा निश्चिंत होतो.

गाळून उरलेला चोथाही टाकण्याचे कारण नाही. टाचा घासण्यास तो उपयोगी पडतो. जी साल तेलात घालावयाची नसेल ती वाळवून दळून ठेवावी, म्हणजे दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, कचोरा, वाळा यांच्या जोडीला ती घालता येते.

सारांश, अंगासाठी संत्रे आणि तिळेल, चिकट्यासाठी तेल, खवल्यांसाठी आम्ल, आणि दगडासाठी या दोहोंपैकी काहीही नाही, इतके चार नियम स्वयंपाकघराच्या कपाटात लिहून ठेवावेत. अंगाची व सफाईची बाटली निरनिराळी ठेवावी आणि दोन्हींवर तारीख घालावी. येत्या हंगामात एक डझन संत्र्यांची साल जपून ठेवली, तर वरील हिशेबाने अर्धा लिटरच्या आसपास तेल घरच्या घरी सहज होईल.